मिश्रीची डबी आणि आपले दात

दुपारची भांडी घासून, हात पुसत पुसत रेडिओजवळ बसला असाल. आज आपल्याला दातांबद्दल बोलायचं आहे. आणि आपल्या भागात दातांबद्दल बोलायचं म्हटलं की सुरुवात ब्रशपासून होत नाही, डबीपासून होते.

मागे एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वही बंद झाली, चहा यायचा होता. तेवढ्यात आम्ही विचारलं, "आज सकाळी मिश्री कोणीकोणी लावली?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीचाही हात वर नाही. मग कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी कनवटीची डबी काढून सतरंजीच्या मधोमध ठेवली आणि म्हणाल्या, "कधीपासून गं साधूबाया झाल्या तुम्ही?" मग जो काही हशा पिकला! आम्हाला आमचं उत्तर त्या हशातच मिळालं, कारण हसताना दात दिसतात. नंतर एकेक हात वर होत गेला. निम्म्याहून जास्त हात होते.

हे आम्ही कोणाला नावं ठेवायला सांगत नाही. या माइकसमोर बोलणाऱ्या आम्ही चौघी आहोत. चौघींतल्या दोघींनी मिश्री लावलेली आहे, त्यातल्या एकीने तर सलग अठरा वर्षं. कुठलं व्यसन लागलंय असं तिला तेव्हा वाटलंच नव्हतं. ती म्हणते, "मी दात घासत होते." सगळी अडचण इथेच आहे. विडी ओढणारी बाई लगेच नजरेत भरते. तंबाखू मळून खाणारीलाही चार जण बोलतात. मिश्री मात्र दात घासण्याच्या नावाखाली घरात येते, आणि सासूच्या डबीतून सुनेच्या, सुनेच्या डबीतून नातीच्या बोटाला लागते. आपल्याकडे किती तरी जणी आठ-दहा वर्षांच्या असताना आजीचं बघून लावायला लागलेल्या आहेत.

मिश्री म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं! कोणी मशेरी म्हणतं, कोणी मिसरी. तंबाखूची पानं तव्यावर नाहीतर खापरावर काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठतो, पोरं खोकत अंगणात पळतात, मग ती पानं कुस्करून पूड करायची. भाजल्यामुळे तिच्यातलं वाईट जळून जातं असा एक समज आहे. तसं होत नाही. निकोटीन, म्हणजे ज्याची सवय लागते ते द्रव्य, त्या काळ्या पुडीत शिल्लक राहतं. कॅन्सर करणारी द्रव्यंही राहतात. ती पूड बोटाने हिरडीवर चोळली की निकोटीन हिरडीच्या पातळ कातडीतून थेट रक्तात उतरतं. म्हणून तर चार मिनिटांत डोकं हलकं वाटतं. दात घासायला चार मिनिटं पुरतात, पण मिश्री लावणारी बाई अर्धा अर्धा तास उंबऱ्यावर बसते आणि दिवसातून तीन-चार वेळा बसते. दात काय इतक्या वेळा मळतात का?

२०१६-१७ साली देशभर तंबाखूची मोठी सरकारी पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या दर शंभर मोठ्या बायकांमागे साधारण सतरा जणी तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्याच बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या, म्हणजे मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा असलं काही तोंडात धरणाऱ्या होत्या. एक गोष्ट आणखी सांगतो. तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि टूथपेस्ट पूर्वी दुकानात उघड मिळायची. १९९२ साली केंद्र सरकारने कायदा करून ती बंद केली. दात घासायच्या वस्तूत तंबाखू घालायचा नाही, असा तो नियम आहे. कंपनीला जे करायला बंदी आहे तेच आपण आपल्या चुलीवर आपल्या हाताने करतो, आणि चुलीवर काही कोणी इन्स्पेक्टर येत नाही.

आता बायका काय म्हणतात ते बघू. कारणं खोटी नसतात, ती ऐकून घ्यायला हवीत.

पहिलं कारण, "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही." हे आम्ही शंभर वेळा ऐकलंय, आणि आमच्यातल्या त्या अठरा वर्षंवालीचंही हेच होतं. यात तथ्य आहे. निकोटीनने आतडी हलतात, म्हणून सकाळी मिश्री लावली की परसाकडे जायची भावना होते. मग हळूहळू आतडी त्या ढकलण्याची वाटच बघायला लागतात. सोडल्यावर पहिले काही दिवस बद्धकोष्ठ होतं, बाई घाबरते आणि परत डबी उघडते. त्याला उपाय साधा आहे. उठल्या उठल्या दोन भांडी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, कोंड्यासकट पिठाची भाकरी, एखादं केळं किंवा पेरू. आणि दिवसभर पाणी. रानात जाताना बाटली न्यायची आणि ती प्यायची. झाडाआड जायला लागेल म्हणून पाणीच प्यायचं नाही, हीही आपली एक वाईट सवय आहे, पण त्यावर वेगळा कार्यक्रम करावा लागेल.

दुसरं कारण, "मिश्रीने हिरड्या घट्ट होतात, रक्त येत नाही." रक्त कमी दिसतं हे खरं. पण का? तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे हिरडीचं दुखणं आत चालूच राहतं, फक्त बाहेर खूण दिसत नाही. भिंतीत ओल मुरत असावी आणि वरून चुना मारावा तसं. आणि पूड एकाच जागी रोज चोळल्याने हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर वरच्यासारखं कठीण कवच नसतं. त्यामुळे गार पाणी लागलं की कळ जाते, मूळ झिजतं, तिथेच कीड धरते. शेवटी चांगला न किडलेला दातही हलायला लागतो. तुमच्या ओळखीत पंचेचाळिशीत कवळी लावलेल्या बायका असतील. त्यांची डबी कधीपासूनची होती, हे एकदा विचारून बघा.

यातूनच एक गोष्ट लक्षात ठेवा. मिश्री सोडून ब्रश सुरू केला की पहिले काही दिवस हिरड्यांतून रक्त येऊ शकतं. बाया म्हणतात, "बघा, मिश्री सोडली आणि हिरड्या बिघडल्या." बिघडलेल्या आधीच होत्या, त्या आता दिसायला लागल्या. हलक्या हाताने घासत राहिलं की रक्त सहसा आठ-पंधरा दिवसांत थांबतं. त्यानंतरही येत असेल तर दाताच्या डॉक्टरकडे जायचं. साखरेचा आजार असेल तर जास्तच लवकर जायचं, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहत नाही.

तिसरं कारण कोणी मोठ्याने सांगत नाही, पण ते आम्हाला सगळ्यांत खरं वाटतं. उंबऱ्यावर मिश्री लावत बसलेल्या बाईला कोणी काम सांगत नाही. दिवसातला तेवढाच अर्धा तास तिचा असतो. शेजारणीशी दोन शब्द होतात. भूक लागली आणि घरातले सगळे जेवायचे असले, तर त्या चिमटीने भूकही मरते. मिश्री सोडा असं सांगताना हा अर्धा तास तिने कुठून आणायचा, याचं उत्तर आमच्याकडे पुरतं नाही. एवढंच म्हणतो की घरच्यांनी तो अर्धा तास डबीशिवायही तिला द्यावा. बाप्यांनो, तुम्हीही ऐकत असाल तर हे तुमच्यासाठी आहे.

पोटात बाळ असलेल्या बाईने तर मिश्रीला हातच लावू नये. "मी काय सिगारेट ओढते का" असं म्हणून चालत नाही. निकोटीन आईच्या रक्तातून बाळाकडे जातं. बाळ कमी वजनाचं होण्याचा, दिवस भरायच्या आधी होण्याचा, पोटातच जाण्याचाही धोका वाढतो. बाळ झाल्यावर ते दुधातूनही उतरतं. आणि उलटी थांबते म्हणून गरोदरपणातच मिश्री सुरू केलेल्या बायका आम्हाला भेटल्या आहेत. उलटीला आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातून औषध मिळतं, ते घ्या.

आता त्या कोपऱ्यातल्या आजींकडे परत येतो. बैठक मोडल्यावर त्या आमच्याजवळ आल्या आणि गाल आतून दाखवला. "इथं खरखरीत लागतंय जिभेला. दुखत नाही, म्हणून कोणाला बोलले नाही." मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं. डाव्या गालाच्या आत, बरोबर जिथे त्या चिमूट दाबून ठेवायच्या तिथे, नखाएवढा पांढरा चट्टा होता. पुसून निघत नव्हता. किती दिवसांचा, विचारलं तर म्हणाल्या, "दिवाळीपासून असेल." तेव्हा होळी आली होती.

मैत्रिणींनो, तोंडाच्या कॅन्सरची सुरुवात बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच घात होतो. पांढरा किंवा लाल चट्टा, जो पुसून जात नाही. दोन आठवडे होऊन न भरलेली जखम किंवा फोड. गालात किंवा जिभेत कठीण गाठ. तिखट अजिबात सोसत नाही. तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरली तर आत जात नाहीत. यातलं एक जरी असलं तरी आठ दिवसांच्या आत दवाखाना गाठायचा. तोंड न उघडण्याचं दुखणं सुपारीनेही होतं, नुसत्या सुपारीने, तंबाखू नसला तरी. म्हणून मिश्री सोडताना "त्यापेक्षा सुपारी बरी" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, बरेचसे नसतातच. पण कुठला आहे आणि कुठला नाही हे टॉर्चने कळत नाही, डॉक्टरलाच ठरवू द्यायचं.

सोडायची कशी? आमची अठरा वर्षंवाली सांगते ते तिच्याच शब्दांत: "मी दोनदा सोडली आणि दोनदा धरली. तिसऱ्या वेळी जावेला बरोबर घेतलं. दोघींनी एकाच दिवशी डब्या चुलीत टाकल्या. पहिले तीन दिवस डोकं भणभणायचं, पोरांवर उगीच ओरडायचे, झोप नाही. चौथ्या दिवशी जरा उसंत मिळाली. महिन्याने तलफ यायची, पण आली तशी जायची." तिचा अनुभव आणि डॉक्टरांचं सांगणं जुळतं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत अवघड, दोन ते चार आठवड्यांत त्रास उतरत जातो. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्यायचं, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकायची, उठून काहीतरी कामाला लागायचं. घरच्यांना सांगून ठेवायचं, म्हणजे चिडचिड झाली तरी ते समजून घेतील. फोनवर मदत हवी असेल तर १८००११२३५६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्याचं केंद्र असतं, तिथे औषधंही मिळतात. गरोदर बाईने औषध मात्र स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. आणि एकदा परत धरली म्हणून सगळं संपलं असं मानू नका. तिसऱ्या वेळी सुटलेल्या आमच्याकडे बऱ्याच आहेत.

मिश्री सोडली, मग घासायचं कशाने? विटेची पूड, कोळसा, राखुंडी, वाळूसारखं मीठ यांनी नको. दात पांढरे दिसतात, कारण वरचं कवच खरवडून निघतं. ते कवच एकदा गेलं की परत येत नाही. केस वाढतात, नखं वाढतात, दाताचं कवच वाढत नाही. कडुनिंबाची काडी चालेल, टोक चांगलं चावून मऊ करायचं आणि हिरडीवर रगडायचं नाही. सगळ्यांत बरं म्हणजे मऊ ब्रश आणि वाटाण्याएवढी फ्लोराइडची साधी पेस्ट. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पेस्ट लागत नाही, ती कंपनीला लागते. एका घरात पाच माणसं आणि एक ब्रश असंही आम्ही बघितलं आहे. तसं करू नका, प्रत्येकाचा ब्रश वेगळा. आणि रात्री झोपताना एकदा घासायचंच. झोपेत तोंडातली लाळ कमी होते, आणि दातांची राखण करते ती लाळच. सकाळचं घासणं एखाद्या दिवशी राहिलं तर राहू दे, रात्रीचं नको.

चहाचं थोडं बोलू. साखर किती खाल्ली त्यापेक्षा किती वेळा खाल्ली याने दात किडतात. गोड घोट घेतला की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात, आणि ते आम्ल साधारण अर्धा तास दाताचं कवच विरघळवत राहतं. मग लाळ ते सावरून घेते. खुरपायला गेलेल्या बायकांचा दहाला चहा, बाराला चहा, चारला चहा, आलं-गेलं की चहा. लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. चहा सोडा असं म्हणायची आमची हिंमत नाही. साखर कमी करा आणि प्यायल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरा. चिंच, कैरी, लिंबू खाल्ल्यावरही चूळ भरायची, पण लगेच ब्रश करायचा नाही. आंबटाने कवच मऊ झालेलं असतं, अर्धा तास थांबायचं.

लेकरांचं एकच सांगतो. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन बाळाला झोपवू नका. रात्रभर ते दूध वरच्या पुढच्या दातांवर बसतं आणि दोन वर्षांच्या पोराचे दात काळे ठिकूर होतात. दुधाचे आहेत, पडणारच आहेत, असं म्हणू नका. आणि सहा वर्षांच्या सुमाराला शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे जी दाढ येते ती दुधाची नसते, कायमची असते. कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून आयांच्या लक्षात येत नाही आणि ती सगळ्यांत आधी किडते.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या बाजूला आमच्या काही बहिणी हे वाचतील. तिकडच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्याला योग्य नाही. लहानपणी दात घडत असताना असं पाणी पोटात गेलं की दातांवर खडूसारखे पांढरे नाहीतर तपकिरी पट्टे येतात. ते मळ नाहीत. पोरीला "नीट घासत नाहीस" म्हणून मारू नका, राखेने घासायला लावू नका, ते घासून जात नाहीत. लग्न ठरवताना त्या डागांवरून मुली नाकारल्या जातात, तेव्हा हे मोठ्याने सांगायला हवं की तो पाण्याचा दोष आहे. पाणी तपासून घ्यायची मागणी ग्रामसभेत करा. तिथल्या लहान मुलांना कुठली पेस्ट द्यायची हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

राहिल्या समजुती. वरची दाढ काढली की डोळा अधू होतो, हे खरं नाही. दाढेची आणि नजरेची नस वेगळी असते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन "कीड पाडून" दाखवतात, त्या वाटीतले पांढरे किडे दाढेतून आलेले नसतात. दुखऱ्या दाढेत तंबाखू, रॉकेल, बॅटरीचं पाणी घालणाऱ्याही आहेत, त्याने हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाचा बोळा एक रात्र काढायला ठीक, सकाळी दवाखाना. बाजारात बसून दात काढणाऱ्याकडे जाऊ नका, त्याच्या चिमट्यावरून कावीळ येते. बाळंतिणीला दात घासू द्यायचे नाहीत अशी काही घरांत रीत आहे. कोमट पाणी घ्या, पण घासू द्या. गरोदरपणी दाढ दुखली तरी उपचार करता येतात, चौथा ते सहावा महिना त्याला बरा.

आजींना घेऊन आम्ही तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेलो. केसपेपर काढला, दाताच्या डॉक्टरबाईंनी बघितलं आणि जिल्ह्याला पाठवलं. तिथे चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला दिला. आजींचा जीव दहा दिवस टांगणीला, आणि खरं सांगायचं तर आमचाही. कॅन्सर नाही, असं आलं. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मिश्री चालू राहिली तर हाच चट्टा उद्या काय होईल ते सांगता येत नाही, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. आजींनी डबी आमच्या हातात दिली. नातसुनेकडून एक चिमूट मागून घेतल्याचं पुढच्या आठवड्यात त्यांनीच कबूल केलं. मग नातसुनेनेही डबी दिली. आज सहावा आठवडा आहे.

त्या गटात आता दर महिन्याला हप्ते झाले की आरसा आणि टॉर्च फिरते. दोघी दोघींच्या जोड्या करून ओठ, गाल, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखाली बघतात. पाच मिनिटं लागतात. तुमच्या गटात सुरू करायचं असेल आणि कसं बघायचं ते कळत नसेल तर केंद्रावर फोन करा, आमच्यातली कोणीतरी येऊन दाखवेल. फक्त येत्या मंगळवारी बोलावू नका. आजींची तारीख आहे, आणि सकाळी सातची एस.टी. धरायची आहे.